घरगुती लेसरमागचा करंट

पेण किंवा रोह्याकडच्या शाळांचे विज्ञान प्रदर्शन म्हटले की त्यात लेसर हमखास असतो. दारातून कोणी आत शिरले की वाजणारा भोंगा, किरणावरून गाणे पाठवण्याचा प्रयोग, फिरत्या आरशावरून भिंतीवर उमटणारी नक्षी, असे त्याचे ठरलेले प्रकार आहेत. गणपतीत हीच फिरती नक्षी घरच्या आराशीत मखरामागच्या पडद्यावर जाते. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि प्लायवूड व एमडीएफच्या कापीव मखरांची चलती झाली. तेव्हापासून टेबलावर मावणारे, निळ्या डायोडचे कोरीवकाम यंत्र आपणच जुळवावे असे वाटणारेही वाढले आहेत. या साऱ्या खटाटोपात बोलणे होते ते डायोडचे, भिंगाचे, निळा घ्यावा की हिरवा याचे. त्याला वीज कशी द्यायची, हा प्रश्न घरात एखादा जुना चार्जर सापडला की संपतो. माझे म्हणणे असे की घरी बनवलेल्या लेसरची सुरक्षितता मुख्यतः याच दुर्लक्षित जागी ठरते. डायोड वाचवणे आणि डोळे वाचवणे ही दोन वेगळी कामे मानली जातात. पहिले इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे, दुसरे गॉगल विकणाऱ्यांचे. प्रत्यक्षात दोन्हींची किल्ली एकच आहे. डायोडमधून किती करंट जातो आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, यावरच दोन्ही ठरतात.

अर्धवाहक लेसरचा जन्म 1962 चा. पहिले डायोड द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड ठेवून, वीज क्षणाक्षणाच्या झटक्यांनी देऊनच चालत. आपल्याकडे तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातील शास्त्रज्ञांनी साठच्या दशकातच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार केला आणि त्याच्या किरणावरून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संपर्क साधून दाखवला. साध्या तापमानाला सतत उजळणारा डायोड 1970 मध्ये साधला. पुढे सीडी, डीव्हीडी, प्रोजेक्टर यांच्या लाटेत तो इतका स्वस्त झाला की आज लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लाल डायोड शाळकरी मुलाच्या खिशाला परवडतो. किंमत उतरली तरी स्वभाव मात्र बदलला नाही. साध्या बल्बला थोडे जास्त व्होल्टेज मिळाले तर तार तापते, तिचा अवरोध वाढतो आणि बल्ब स्वतःच स्वतःला आवरतो. डायोडचे उलटे आहे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ काहीच घेत नाही आणि तिथून पुढे अगदी थोड्या वाढीला करंट झपाट्याने चढतो. शिवाय तो तापला की त्याला लागणारे व्होल्टेज घटते, म्हणजे त्याच व्होल्टेजला तो आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. त्यातही लेसरला एक उंबरठा असतो. त्याखालच्या करंटला डायोड साध्या एलईडीसारखा मिणमिणतो. उंबरठा ओलांडला की पुढचा प्रत्येक मिलिअँपिअर थेट किरणाच्या ताकदीत जमा होतो.

हे आकड्यांत पाहिले की गांभीर्य कळते. प्रदर्शनात दिसणाऱ्या लाल डायोडचा उंबरठा 25 मिलिअँपिअर धरू, त्यापुढे दर मिलिअँपिअरला पाऊण मिलिवॉट प्रकाश धरू आणि डायोडवर पडणारे व्होल्टेज 2.2 धरू. आकडे ढोबळ आहेत, पण या जातीच्या डायोडला शोभणारे आहेत. 5 व्होल्टच्या पुरवठ्याला 91 ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण 31 मिलिअँपिअर जातात आणि किरण निघतो साडेचार मिलिवॉटच्या आसपास. हे ठीक. आता तोच रेझिस्टर ठेवून असा अडॅप्टर लावा की ज्यावर 5 व्होल्ट छापले आहे पण जो देतो 5.7. करंट 38 च्या पुढे जातो आणि प्रकाश 10 मिलिवॉटवर पोचतो. पाऊण व्होल्टसुद्धा वाढले नाही, पण किरणाची ताकद दुपटीच्या वर गेली, आणि दिसायला मात्र तो थोडासाच तेजस्वी झाला. घरात जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मरवाला 6 व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असेल, तर तो कमी भारावर 8 ते 9 व्होल्टसुद्धा देतो. तेव्हा करंट 65-75 मिलिअँपिअरवर जातो आणि डायोड तिथेच संपतो. लेसरच्या सुरक्षिततेचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण भारतीय मानक 14624 नेही स्वीकारले आहे, त्यात दिसणाऱ्या किरणासाठी 1 मिलिवॉटपर्यंत वर्ग 2, 5 पर्यंत 3आर, 500 पर्यंत 3बी आणि त्यापुढे वर्ग 4 असा क्रम आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात आपला प्रयोग कोणत्या वर्गात बसतो, हे डायोडच्या वेष्टनावरच्या छापील अक्षरांनी ठरवले नाही, अडॅप्टरच्या त्या 0.7 व्होल्टने ठरवले. बाजारात लेसरवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही तो यासाठी.

तापमान हा यातला दुसरा, सहसा कोणी न मोजणारा घटक. डायोड तापला की त्याचा उंबरठा वर सरकतो. 20 अंशांच्या फरकाने लाल डायोडचा उंबरठा पाव हिश्शाने वाढणे अगदी साधारण आहे. कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या भिऱ्यात मार्च 2017 मध्ये 46.5 अंशांची नोंद झाली आणि ती देशभर गाजली. ते टोकाचे उदाहरण सोडले, तरी पत्र्याच्या छपराखाली मे महिन्याच्या दुपारी डबीत बंद केलेला डायोड सहज तेवढा तापतो. अशा वेळी किरण मंद पडला की हात पोटेन्शिओमीटरकडे जातो आणि करंट वाढवला जातो. तेच यंत्र डिसेंबरमधल्या प्रदर्शनात सकाळी गारठ्यात सुरू झाले की उंबरठा खाली उतरलेला असतो, वाढवलेला करंट मात्र तसाच असतो. मग किरण निघतो तो मुलाने आणि शिक्षकांनी मनात धरलेल्या ताकदीच्या कितीतरी पट. यावरचा उपाय करंट वाढवण्याचा नाही. डायोडला पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या घरात घट्ट बसवणे, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावणे आणि किरण मंद वाटला तर यंत्राला विश्रांती देणे, हा आहे.

डायोड मरतो कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण तो बहुधा एका क्षणात आणि आवाज न करता मरतो. त्याच्या ज्या टोकातून किरण बाहेर पडतो ती कड काही मायक्रॉनची असते. एवढ्याशा जागेतून सारा प्रकाश जात असल्याने मर्यादा ओलांडताच ती कड वितळते. यासाठी सेकंद लागत नाही; मायक्रोसेकंदाचा एक टोचा पुरतो. त्यानंतर डायोड लागतो, लाल किंवा निळा दिसतोही, पण त्याची एकाग्र रेघ जमत नाही आणि लोक भिंगाला दोष देत बसतात. हे टोचे येतात कुठून, तर बहुतेक वेळा पुरवठ्यातल्या कपॅसिटरमधून. 12 व्होल्टला भरलेला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डायोडला अचानक जोडला की पहिल्या क्षणी कित्येक अँपिअर वाहू शकतात, आणि बिचारा डायोड असतो मिलिअँपिअरचा. करंट बांधून ठेवणारा चांगला ड्रायव्हरसुद्धा यातून वाचवत नाही. तार सैल झाली आणि डायोड क्षणभर सुटला, तर करंट वाहत नाही असे पाहून ड्रायव्हर आपले व्होल्टेज शेवटपर्यंत चढवतो, बाहेरचा कपॅसिटर त्या व्होल्टेजला भरतो, आणि तार पुन्हा टेकली की सगळा साठा एकदम डायोडवर रिकामा होतो. म्हणून क्रोकोडाइल क्लिप, पीळ घातलेल्या तारा आणि ब्रेडबोर्ड ही तिन्ही साधने लेसरपुरती घातक समजावीत. पेणच्या खारपट्ट्यात याला आणखी एक कारण आहे. खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो, आणि गेल्या वर्षी नीट चाललेला प्रयोग यंदा लूज कॉन्टॅक्ट घेऊन प्रदर्शनात येतो. डायोडच्या पायांना तार थेट सोल्डर करावी, डायोडशी समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर आणि उलट दिशेने एक साधा सिलिकॉन डायोड लावावा, आणि जोडणी पूर्ण होईपर्यंत लेसर डायोडचे पाय एका बारीक तारेने एकमेकांना जोडून ठेवावेत. दमट हवेत अंगावरची स्थिर वीज कमी साचते हे खरे, पण एसी लावलेल्या खोलीत किंवा हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत ती साचते आणि हाताळतानाच डायोड घायाळ करते.

करंट बांधायचा कसा, याचे शाळकरी पातळीवरचे सर्वांत भरवशाचे उत्तर अजूनही एलएम317 हा जुना, तीन पायांचा आयसीच आहे. त्याच्या बाहेरच्या आणि जुळणीच्या पायांमध्ये तो कायम 1.25 व्होल्ट राखतो. तिथे रेझिस्टर लावला की करंट ठरला. 43 ओहमला 29 मिलिअँपिअर, 39 ला 32. पण याची एक अट नेहमी विसरली जाते. आयसीला स्वतःसाठी आणि त्या रेझिस्टरसाठी मिळून सुमारे 3 व्होल्टची मोकळीक लागते. लाल डायोडचे 2.2 आणि हे 3 मिळून 5 च्या वर जाते, म्हणून यूएसबी चार्जरच्या 5 व्होल्टवर हे सर्किट अर्धवट काम करते. तिथे करंट आयसीच्या नव्हे, चार्जरच्या लहरीवर चालतो. 9 व्होल्ट दिले की सगळे सुरळीत होते. कोरीवकामाच्या निळ्या डायोडला मात्र साडेचार व्होल्टला 1 अँपिअर लागतो. 12 व्होल्टचा पुरवठा असेल तर साडेसात वॉट उष्णता वायाच जाते. त्यातले सव्वा वॉट रेझिस्टरवर आणि उरलेले आयसीवर. हीटसिंक नसला तर आयसी स्वतःला बंद करतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो, आणि ही बंद-चालू डायोडच्या अंगावर येते. अशा ठिकाणी लेसरसाठीच बनवलेला स्विचिंग ड्रायव्हर घ्यावा, पुरवठा 9 व्होल्टच्या जवळ ठेवावा, आणि रेझिस्टरचे वॉट मोजून घ्यावेत.

मग प्रश्न येतो की ड्रायव्हर बरोबर आहे हे डायोड पणाला लावल्याशिवाय कळायचे कसे. याची युक्ती स्वस्त आहे. लेसरच्या जागी तीन 1एन4007 डायोड एकापुढे एक जोडायचे, ते मिळून लाल लेसरइतके व्होल्टेज घेतात, निळ्यासाठी पाच-सहा. त्यांच्या ओळीत 1 ओहमचा रेझिस्टर बसवायचा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या दोन टोकांना टेकवायचा. मीटरवर 32 दिसले तर 32 मिलिअँपिअर, गणित संपले. पोटेन्शिओमीटर फिरवून, पुरवठा बंद-चालू करून, गरम झाल्यावर पुन्हा, असे सगळे या नकली भारावर तपासायचे. मग पुरवठा बंद करायचा, कपॅसिटर रिकामे होऊ द्यायचे आणि मगच खरा डायोड सोल्डर करायचा. जे प्रयोग फसतात त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत ही दहा मिनिटे वाचवलेली असतात, असे माझे मत आहे.

भिंतीतून येणाऱ्या विजेचा विचार इथे वेगळा करावा लागतो. कुंडलिकेच्या माथ्याशी 1927 पासून वीजनिर्मिती चालू आहे, धाटावला एमआयडीसी आहे, म्हणून खाली वाडीत वीज सुरळीत मिळतेच असे नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातली कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात लाइट जाणे-येणे चालूच असते, आणि लाइट परत येतानाचा झटका साध्या पुरवठ्यातून सरळ पुढे जातो. न्यूट्रल तुटला तर घरात 230 च्या जागी 350-400 व्होल्टही चढतात. बंद पडलेला टीव्ही लोकांच्या लक्षात राहतो, मेलेल्या लेसर डायोडचा हिशेब कोणी ठेवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दोन पिनांचे अडॅप्टर. त्यांच्या बाहेरच्या तारेला हात लावला तर कधी कधी मुंग्या येतात, कारण आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून मुख्य विजेचा अंश तिथवर पोचतो. माणसाला त्याने फारसे होत नाही. पण अर्थिंग केलेला सोल्डरिंग आयर्न चालू अडॅप्टरला जोडलेल्या डायोडच्या पायाला लागला की तो अंश डायोडमधून जमिनीत जायला वाट शोधतो. सोल्डरिंग करताना अडॅप्टर सॉकेटमधून काढलेला असावा. अडॅप्टर घेताना बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. प्रदर्शनापुरते तर बॅटरीच बरी: दोन किंवा तीन 18650 सेल, संरक्षण सर्किटसह आणि पुढे ड्रायव्हर लावून. एकाच सेलवर थेट डायोड जोडण्याचा मोह टाळावा, कारण तो सेल भरलेला असताना 4.2 व्होल्ट देतो आणि रिकामा होताना 3 वर येतो. करंटही तसाच हेलकावतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की तयार 5 व्होल्टचे लाल मॉड्यूल आत एक रेझिस्टर घेऊनच येते आणि वर्षानुवर्षे चालते. मग एवढा व्याप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मोजून खरोखर 5 व्होल्ट देणारा पुरवठा असेल, तर भोंग्याच्या प्रयोगाला तो रेझिस्टर पुरे आहे आणि तिथे मी ड्रायव्हरचा आग्रह धरणार नाही. मात्र हे 5 व्होल्ट मोजलेले हवेत, छापलेले नव्हे. दुसरा आक्षेप, बाजारात व्होल्टेज आणि करंट अशा दोन गुंड्यांची तयार पट्टी स्वस्तात मिळते, तीच वापरू. ती एलईडीला चांगली. पण तिच्यात बाहेरच्या बाजूला मोठा कपॅसिटर असतो आणि करंटची मर्यादा लागू व्हायला क्षणभर लागतो. तो क्षण लेसरला पुरतो. तिसरे म्हणणे जाणकारांचे असते: डायोडच्या डबीत प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो, त्याच्या आधाराने प्रकाशच स्थिर ठेवावा, म्हणजे तापमानाचा प्रश्नही सुटेल. तत्त्वतः हे उत्तम आणि कारखान्यात बनलेल्या पॉइंटरमध्ये हेच असते. घरी मात्र त्या फोटोडायोडची तार सुटली तर सर्किटला वाटते प्रकाश पडतच नाही, आणि ते करंट शेवटपर्यंत वाढवते. वर करंटची पक्की कमाल मर्यादा घालणार असाल तरच हा मार्ग धरावा. कोरीवकामाच्या मोठ्या निळ्या डायोडमध्ये तर बहुधा फोटोडायोड नसतोच.

आता डोळा. बुबुळाच्या भिंगातून समांतर किरण पडद्यावर एकवटतो तेव्हा त्याची तीव्रता सुमारे लाखपट होते. 1 मिलिवॉटपर्यंत पापणी मिटण्याची प्रतिक्रिया, साधारण पाव सेकंदाची, आपल्याला वाचवते. त्यापुढे ती अपुरी पडत जाते, आणि वर्ग 4 मध्ये तर भिंतीवरून परतलेला प्रकाशही धोक्याचा. गेल्या काही वर्षांत कोल्हापूर, पुणे, नाशिक इथे गणेशोत्सवाच्या मिरवणुकांनंतर दृष्टिपटल भाजलेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले. ऑगस्ट 2024 मध्ये मिरवणुकीतील लेसरविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा लेसरसाठी खास कायदा नसल्याचा मुद्दा पुढे आला आणि याचिकाकर्त्यांना शासनाकडे जाण्यास सांगण्यात आले. ते लेसर मोठे, भाड्याचे होते. घरच्या आराशीतला फिरता किरण तसा नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण फिरणारा आरसा अडकला की तोच किरण एका जागी स्थिर होतो, आणि समोर आरतीला उभ्या असलेल्यांत मुलांचे डोळे नेमके त्या उंचीवर असतात. दिसणाऱ्या तेजावरून अंदाज बांधणे तर पूर्ण फसवे. 405 नॅनोमीटरचा जांभळा किरण डोळ्याला अंधुक दिसतो, म्हणून लोक करंट वाढवतात; ऊर्जा मात्र पुरी पोचलेली असते. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये अदृश्य अवरक्त किरण गाळायची काच कधी बसवलेलीच नसते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने 2010 मध्ये तपासलेल्या एका पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाश कितीतरी पट अधिक निघत होता. आणि किरण घराबाहेर आकाशाकडे सोडणे तर कोणत्याही कारणाने नकोच. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पेणहून फार लांब नाही.

गॉगल घाला, हे यावरचे नेहमीचे उत्तर. गॉगल हवाच, पण तो त्या तरंगलांबीचा आणि पुरेशा प्रकाशीय घनतेचा. घनता 4 म्हणजे दहा हजारांत एक भाग आत, तेव्हा दीड वॉटचा निळा किरण 0.15 मिलिवॉटवर येतो. यंत्राबरोबर फुकट येणारा हिरवट प्लास्टिकचा चष्मा हे करतो की नाही, त्यावर काहीच लिहिलेले नसते. शिवाय गॉगल यंत्र चालवणाऱ्याच्या डोळ्यावर असतो, दारात येऊन उभ्या राहिलेल्या शेजारच्या पोराच्या नव्हे. म्हणून कोरीवकामाचे यंत्र झाकणाच्या पेटीत असावे आणि झाकण उघडताच वीज तोडणारा मायक्रोस्विच त्याला असावा. आणि इथे पुन्हा मूळ मुद्दा येतो. हा स्विच बहुतेक जण ड्रायव्हर आणि डायोड यांच्यामध्ये घालतात, कारण तार तिथेच हाताशी असते. तसे केले की झाकण उघडताना डायोड सुटतो, ड्रायव्हर कपॅसिटर भरून बसतो, आणि झाकण लावताना डायोड उडतो. दोनदा असे झाले की माणूस स्विचच काढून टाकतो. स्विच ड्रायव्हरच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला घातला तर डायोडही टिकतो आणि स्विचही टिकतो. डोळ्यांच्या संरक्षणाची सोय विजेच्या बाजूने चुकीच्या जागी बसवली की ती आपोआप निकामी केली जाते. लेसरच्या बहुतेक सूचनापत्रकांत या साध्या गोष्टीला जागा नसते.

काहींना वाटते की शाळांतून लेसरच बाद करावा. मला ते पटत नाही. प्रयोग पॉइंटर विकत आणून होतच राहतील, फक्त शिक्षकांच्या नजरेआड. त्यापेक्षा तालुका पातळीच्या प्रदर्शनात परीक्षकांनी लेसरच्या प्रत्येक प्रयोगाला तीन गोष्टी विचाराव्यात: नकली भारावर मोजलेला करंट किती, त्या करंटला किरण किती मिलिवॉटचा आणि कोणत्या वर्गाचा, आणि किरण शेवटी कुठे अडवला आहे. उत्तरे प्रयोगाच्या फलकावर लिहिलेली असावीत, आणि ती नसतील तर प्रयोग चालू करू देऊ नये. मल्टिमीटर आणि तीन साधे डायोड एवढेच यासाठी लागते. ते शाळेच्या प्रयोगशाळेत नसतील तर या वर्षीच्या खरेदीत घालावेत.